दगडूमामाची छाती

"मिस्त्री, पेशंट आणलाय. छाती फाटलीया."

यंकटीनं वर्कशॉपच्या दारात स्ट्रेचर उभं केलं आणि दात काढत राहिला. स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी झोपलेलं. मी चादर ओढली. खाली कापसाचा माणूस. मांजरपाटात शिवलेला, डोक्यावर शाईनं डोळे काढलेले, आणि छातीच्या मधोमध भलंमोठं भोक. भोकातून कापूस बाहेर आलेला.

"हा माझा पेशंट नाही," मी म्हणालो. "ज्या गादीवाल्यानं शिवलाय त्याच्याकडं ने."

"बाईंनी तुमच्याकडंच न्यायला सांगितलंय की. मागनं येतायत त्या."

ही एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी सोलापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. त्याआधी आठ वर्षं मिलमध्ये फिटर. तिथं माग बिघडला की बोलवायचे, इथं सक्शन मशीन बिघडलं की बोलवायचे. फरक एवढाच की मिलमध्ये शिव्या मराठीत मिळायच्या, इथं इंग्रजीत. यंकटी वॉर्डबॉय. चाळिशीचा, विणकराच्या घरातला. घरी तेलुगू, वॉर्डात मराठी. ऐन उमेदीची वर्षं हातमागावर काढली आणि मग माग भावाच्या हवाली करून हॉस्पिटलात लागला.

बाई म्हणजे डॉक्टर बोरामणीकर. भूल देणाऱ्या डॉक्टर. बारीक अंगाच्या, पण आवाज असा की वऱ्हांड्याच्या त्या टोकाला स्टूल सरळ व्हायचं. त्या दिवशी मात्र हळू बोलल्या. आल्या, माझ्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला एक माणूस करून द्या."

"माणूस?"

"ज्याची छाती माणसासारखी खाली जाईल आणि माणसासारखी वर येईल. या गादीवर शिकवून मी एक माणूस घालवलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. हृदय बंद पडलं की रक्त फिरायचं थांबतं. तेव्हा छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या बाजूला, तळहाताची टाच ठेवून जोरात दाबायचं. दीड ते दोन इंच. मग पूर्ण सोडायचं. सेकंदाला एक दाब. मधेमधे तोंडानं श्वास द्यायचा. असं केलं की हृदयाचं काम आपले हात करतात, खरी मदत येईपर्यंत. आता म्हणे याहून जलद दाबतात. तेव्हाचा हिशेब हा होता.

बाईंनी सगळ्या सिस्टरांना हे शिकवलं होतं. या कापसाच्या माणसावर. शिकवताना शब्द वापरला, 'छाती चेपा'.

आठ दिवसांपूर्वी पुरुषांच्या वॉर्डात एका आजोबांचं हृदय थांबलं. ड्यूटीवर लोखंडे सिस्टर. बार्शीची मुलगी, लग्न होऊन सोलापुरात आलेली, कामाला एकदम चोख. ती लगेच धावली. डॉक्टर येईपर्यंत थांबली नाही. पण बाई पोचल्या तेव्हा ती आजोबांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून हळूहळू दाबत होती. सून सासऱ्यांचे पाय चेपते, तसं. आजोबा गेले.

बाई तिच्यावर ओरडल्या. सगळ्या वॉर्डासमोर. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही चेपा म्हणालात. मी चेपली."

"तिचं खरं होतं, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "शब्द माझा होता. आणि सराव या गादीवर. गादीला जोर लागतच नाही, हात ठेवला की खाली. आता ती नोकरी सोडते म्हणते. अर्ज लिहून ठेवलाय. मी हातापाया पडून महिनाभर थांबवलंय. या महिन्यात तिच्या हातांना मला शिकवायचंय. नाही जमलं तर ती जाईल, आणि जन्मभर आपण माणूस मारला असं धरून बसेल."

मला नोकरीतली भांडणं माहीत, बदल्या माहीत. पण एका शब्दापायी असं काही होईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरी रोज संध्याकाळी कुणीतरी कुणाचं काहीतरी चेपतच असतं. ती बिचारी दुसरं काय करणार?

"परदेशी डमी मिळत नाही का?" मी विचारलं.

"मागणी केलीय. साहेब म्हणतात, येईल."

साहेब म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट. ते 'येईल' म्हणाले की ती वस्तू येत नसते, हे हॉस्पिटलातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

कामाला लागलो. पहिला प्रश्न स्प्रिंगचा. छाती किती कडक असते? मला काय माहीत! मी मिलमधल्या जुन्या दोस्ताकडून भंगारातल्या पाच-सहा स्प्रिंगा आणल्या, बाकावर उभ्या केल्या, वर एकेक लाकडी फळकुट ठेवलं आणि बाईंना बोलावलं.

बाईंनी डोळे मिटले. एकेका फळकुटावर हात ठेवून दाबत गेल्या.

"नाही. हा म्हातारा आहे, बरगड्या गेलेल्या... हा पैलवान. एवढी छाती कुणाची नसते... हे पोर आहे." चौथ्यावर हात ठेवला, दाबला, परत दाबला. डोळे उघडले. "हां. हा माणूस."

ती स्प्रिंग मी लाल रंगानं रंगवून ठेवली.

बाकीचं काम त्या मानानं सोपं. सांगाडा लाकडाचा, वर कॅनव्हास, त्यावर रेक्झिन. फुप्फुसाच्या जागी फुटबॉलचा ब्लॅडर. तोंडापासून ब्लॅडरपर्यंत वॉर्डातली जुनी रबरी नळी, मानेत अशी बसवली की डोकं सरळ असलं तर नळी मुडपणार आणि हवा जाणार नाही. डोकं मागं केलं, हनुवटी वर उचलली, की नळी मोकळी. खऱ्या माणसाचंही असंच असतं म्हणे, जीभ मागं पडून रस्ता बंद होतो. बाई ते बघून इतक्या खूश झाल्या की मला स्वतःच्या डब्यातली चटणी-भाकरी दिली.

अडलो ते एका ठिकाणी. पुरेसं दाबलं हे दाबणाऱ्याला कळणार कसं? बाहेर काटा लावला तर सगळे काट्याकडं बघणार. दिवा लावला तर बॅटरी कोण बदलणार? दोन दिवस डोकं खाजवत बसलो. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या शिलाई मशीनला तेल देत होतो. तेलाची कुपी असते बघा, पत्र्याची, लांब चोचीची. बूड दाबलं की खट् वाजतं आणि तेलाचा थेंब पडतो. मी थेंब टाकला. खट्. आणखी एक. खट्. आणि हातातली कुपी घेऊन तसाच उभा राहिलो.

अरे, हेच की!

कुपीचं बूड कापलं आणि स्प्रिंगच्या खाली बसवलं. वरून एक दांडी. छाती बरोबर दीड इंच खाली गेली की दांडी बुडावर टेकणार आणि खट्. कमी दाबलं तर काही नाही. नीट सोडलं नाही तर बूड परत उलटणार नाही, पुढच्या दाबाला मुकं राहणार. मला स्वतःचाच हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

सिस्टर लोकांनी त्याचं नाव दगडूमामा ठेवलं. का, ते विचारू नका. डोक्याला कुणीतरी टापशी गुंडाळली.

पहिल्या दिवशी साहेब बघायला आले. दोन्ही हात मागं बांधून दगडूमामाभोवती एक फेरी मारली.

"ढवळे," साहेब मला आडनावानंच हाक मारायचे, "हे काय भंगारातून माणूस केलाय?"

"व्हय साहेब. पण परदेशी येईपर्यंत."

"हॉस्पिटलच्या इभ्रतीला शोभतं का हे?"

बाई पुढं झाल्या. "सर, तुम्ही दाबून बघा."

साहेबांनी कोट न काढता एक हात ठेवला आणि दाबलं. आवाज नाही. दुसरा हात ठेवला. आवाज नाही. तोंड लाल झालं. शेवटी अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा खट् झालं. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "एवढं जोरात?" बाई म्हणाल्या, "एवढं जोरात." ते परत कधी इभ्रतीचं बोलले नाहीत.

मग लोखंडे सिस्टर आली. डोळे खाली, हातात हात. तिनं दगडूमामाच्या छातीवर हात ठेवले. "मामा, जरा दाबते हं," असं आधी म्हणाली, आणि दाबलं. आवाज नाही. परत. आवाज नाही. सात-आठ वेळा.

"यंकटी, तू दाखव," मी म्हणालो.

यंकटीनं बाह्या सारल्या, वाकला आणि सुरू. खट्. खट्. खट्. खट्. एकही चुकलं नाही, एकही मागंपुढं झालं नाही. बाईंनी घड्याळ काढलं. मिनिटाला साठ. "कुठं शिकलास रे?" त्यांनी विचारलं.

"हातमाग हाय की बाई. धोटा फेकायचा, फणी ठोकायची. आवाज चुकला की कापड चुकतं. कान आपोआप मोजतेत."

सिस्टर रडायला लागली. म्हणाली, "मला नाही होत. मी दाबायला गेले की वाटतं यांना लागेल. त्या आजोबांनाही लागू नये म्हणूनच मी..."

मला राहवलं नाही. "अहो सिस्टर, हा लाकडाचा आहे! याला काय लागतंय?"

बाईंनी मला हातानं गप्प केलं. तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "हृदय थांबलेला माणूस गेलेलाच असतो, सिस्टर. त्याला तुम्ही दुखवूच शकत नाही. फार तर परत आणू शकता. आणि त्या आजोबांची चूक माझी. शब्द माझा होता. आजपासून या हॉस्पिटलात छाती कुणी चेपायची नाही. दाबायची." एवढ्या मोठ्या डॉक्टरनं वॉर्डबॉय आणि मेकॅनिकसमोर असं म्हणावं, हे मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच पाहिलं.

त्यानंतर ती रोज जेवणाच्या सुट्टीत यायची. श्वास द्यायचा सराव करताना एक वेगळीच भानगड झाली. दगडूमामाच्या तोंडाला तोंड लावायला कुणी तयार होईना. उष्टं कसं लावायचं? स्पिरिटनं पुसलं तरी उष्टं ते उष्टं. मग प्रत्येकीला स्वतःचा गॉजचा तुकडा दिला, तो मधे धरायचा. प्रश्न मिटला. दुसरी अडचण पलंगाची. टेबलावर खट् वाजायचं, वॉर्डातल्या पलंगावर वाजेना. दाबलं की गादीच खाली जायची. सुताराकडून जुन्या दाराच्या फळ्या कापून घेतल्या आणि प्रत्येक पलंगाच्या मागं एक टांगली. माणूस बंद पडला की आधी पाठीखाली फळी सारायची, मग हात लावायचा.

दहा दिवसांत लोखंडे सिस्टर खट् खट् वाजवायला लागली. मी मनात म्हटलं, सुटलो.

कुठलं काय! बाई एक दिवस बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, माणूस वाजतो का?"

"म्हणजे?"

"सगळ्यांचं लक्ष आवाजाकडं आहे. खऱ्या माणसाच्या छातीत तुमची तेलाची कुपी नाही. तेव्हा काय करतील?"

माझं डोकं फिरलं. "बाई, तुम्हीच म्हणालात कळायला पाहिजे. आता कळतंय तर म्हणता कळायला नको. आम्ही करायचं तरी काय?" दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. नंतर राग उतरला तेव्हा पटलं. बाई बरोबर होत्या, आणि तेच मला जास्त लागलं होतं. दगडूमामाच्या कुशीतून एक तार बाहेर काढली. ओढली की कुपीचं बूड बाजूला सरकायचं. मामा मुका.

तार ओढली आणि लोखंडे सिस्टरचे हात परत मऊ पडले. आवाज असला की दीड इंच, आवाज गेला की अर्धा. बाई मामाच्या कुशीला एक फळी उभी धरून, तिच्यावरच्या खडूच्या खुणांवरून छाती किती खाली गेली ते तपासायच्या, त्यामुळं लपायला जागा नव्हती. दिवसामागून दिवस तेच. एकदा यंकटी शेजारी उभा राहून तोंडानंच "खट्, खट्" करायला लागला तर तिचे हात बरोबर चालले. बाईंनी त्याला झापलं. "हा काय खेळ आहे का? तू काय जन्मभर तिच्या शेजारी उभा राहणार आहेस?" यंकटी मान खाली घालून निघून गेला.

महिना संपायला चार दिवस राहिले. अर्ज तिच्या एप्रनच्या खिशात असायचा. मी पाहिला होता, चार घड्या घातलेला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी पुरुषांच्या वॉर्डात सक्शन मशीन उघडून बसलो होतो. तिसऱ्या पलंगावर केम गावचे तळेकर मामा. रेल्वेत गँगमन, दोन दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून आणलेले. ते लोखंडे सिस्टरला म्हणत होते, "सिस्टर, हितला चहा म्हंजी निस्तं गरम पानी हाय. आमच्या टेसनावर या एकदा..." आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"मामा? मामा!"

मी वळून पाहिलं. मामांची मान कलंडलेली, रंग उतरलेला. सिस्टरनं गळ्याला बोटं लावली. "यंकटी, फळी! बाईंना निरोप द्या!" निरोप द्यायला एक आया पळाली. यंकटीनं मामांना कुशीवर करून फळी सारली. सिस्टर स्टुलावर चढली, हात ठेवले आणि दाबायला लागली.

मला लांबूनही दिसलं. हात मऊ होते. ती मधेच थांबली, कान देऊन. जणू काही वाजायची वाट बघत होती. मामांची छाती मुकी.

तेवढ्यात पलंगाच्या पायथ्याशी उभा यंकटी तोंडानं बोलला, "खट्."

तिचे हात खाली गेले. सगळं अंग घेऊन गेले.

"खट्. खट्. खट्."

पाच दाब, मग दुसरी सिस्टर गॉज ठेवून श्वास देई. परत खट्. वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसलेले. मला आठवलं की शॉक द्यायचं मशीन थिएटरमध्ये आहे आणि ते आणणं माझंच काम. असा पळालो की चप्पल वऱ्हांड्यातच राहिली. मशीन ढकलत आलो तोवर बाई पोचल्या होत्या, आणि यंकटीचं खट् खट् चालूच होतं. बाई त्याला या वेळी काही बोलल्या नाहीत. सिस्टरच्या कपाळावरून घाम मामांच्या छातीवर टपकत होता.

बाईंनी पहिला शॉक दिला. काही नाही. परत दाब, परत खट् खट्. दुसरा शॉक. बाईंनी गळ्याला बोटं लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, देव जाणे. मग म्हणाल्या, "आहे. चालू आहे."

लोखंडे सिस्टर स्टुलावरून उतरली आणि जमिनीवरच बसली. यंकटी मात्र हळू आवाजात अजून खट् खट् करत होता. मीच त्याला हलवलं, "बास रे, बास. माग थांबव." तेव्हा तो भानावर आला. आम्ही दोघं बाहेर जाऊन चक्क रडलो. नंतर हसलोही, कारण माझ्या एका पायात चप्पल नव्हती.

तिसऱ्या दिवशी तळेकर मामा उशीला टेकून बसले होते. तक्रारींची यादी तयार. एक, बरगडी लई दुखतीया. दोन, चहा अजून तसाच हाय.

"आनि सिस्टर," ते म्हणाले, "त्या दिशी कोन खट् खट् करत हुतं वो? निवांत पडू दीना की मानसाला."

लोखंडे सिस्टर हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "मशीन येईपर्यंत रक्त फिरत ठेवलं ते या हातांनी, बरं का मामा. बरगडी मात्र आमच्या नावावर लिहा."

संध्याकाळी सिस्टर वर्कशॉपमध्ये आली. खिशातला कागद काढून माझ्या बाकावर ठेवला. "मिस्त्री, हे जाळून टाका."

मी जाळला नाही. आठवडाभर दगडूमामाची लाल स्प्रिंग जरा खुळखुळत होती, खाली पाचर हवी होती. चार घड्यांचा जाड कागद, अगदी मापात बसला. खुळखुळ बंद झाली.

परदेशी डमी मी रिटायर होईपर्यंत आली नाही. त्या एका महिन्यातून मी शिकलो ते एवढंच. माणसांना शिकवायचं यंत्र करायचं असेल तर आधी शिकवणाऱ्याचा शब्द तपासावा, मग स्प्रिंग. आणि शेजारी एक यंकटी उभा करता आला तर करावा. त्याचं ड्रॉइंग मला शेवटपर्यंत काढता आलं नाही.